पिनरची माहेरवाशीण

सहा फूट उंची, पांढरी दाढी, खांद्याला गिटार, आणि आमच्या घरात त्याचं नाव ‘माहेरवाशीण’. हे नाव आमच्या सासूबाईंनी पाडलं होतं. त्यांनी एकदा एखाद्याचं नाव पाडलं, की त्याच्या पासपोर्टावरचं नाव आम्ही सगळे विसरून जायचो.

सासरे गेल्यावर सासूबाई सांगली सोडून आमच्याकडे लंडनच्या कडेला, पिनरला राहायला आल्या. आमच्या रस्त्यावर दिवसभरात बघण्यासारखं काही घडत नाही, पण पुढच्या खोलीच्या खिडकीशी खुर्ची टाकून त्या जे घडेल ते नेटाने बघायच्या. आमच्या भिंतीला भिंत लावून शीला राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, नीटनेटकी इंग्लिश बाई. ‘शीला? मग आपल्यातलीच म्हणायची,’ असं म्हणून सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी आपलंसं केलं. दर सप्टेंबरात शीलाच्या दाराशी टॅक्सी थांबायची आणि तिचा धाकटा भाऊ डेनिस उतरायचा. तो नॉर्वेत राहायचा. तिकडची बायको करून तिकडचाच झाला होता. इथे आला की सकाळी उशिरा उठायचा, बहिणीच्या हातचं पुडिंग मागून मागून खायचा, मागच्या बागेत दुपारभर घोरायचा, आणि परत जायच्या दिवशी उगाचच नाक शिंकरत टॅक्सीत बसायचा. सासूबाईंनी एक वर्ष हे पाहिलं, दुसऱ्या वर्षी परत पाहिलं आणि निकाल दिला, “अगं वृंदा, हा तर माहेरपणाला येतो.”

माझी त्याची ओळख झाली ती वजनकाट्यामुळे. एका सकाळी दार वाजलं. दारात हा उभा. “माफ करा, तुमच्याकडे बॅगा तोलायचा काटा असेल का? शीला म्हणाली, शेजारी भारतीय आहेत, त्यांच्याकडे असणारच.” मला आधी जरा राग आला, आणि मग मी निमूटपणे जिन्याखालच्या कपाटातून काटा काढला. आकड्याला बॅग अडकवून उचलायची, तसला. परदेशातल्या मराठी घरात एक वेळ देव्हारा नसेल, पण हा काटा असतोच.

काटा घेऊन शीलाकडे गेले ती त्याची बॅग बघून तिथेच थबकले. चहाच्या पुड्या, आल्याची बिस्किटं, कस्टर्ड पावडरीचे डबे, संत्र्याच्या मुरांब्याच्या काचेच्या बरण्या, सगळं आंघोळीच्या टॉवेलांत कोंबलेलं. “तिकडे हे मिळत नाही का?” मी विचारलं. तो म्हणाला, “मिळतं. पण ते तसं नसतं.” मेतकुटाबद्दल आणि गोड्या मसाल्याबद्दल मी आयुष्यभर हेच वाक्य म्हणत आलेय. मग मला राहवेना. त्याची सगळी बॅग मी जमिनीवर रिकामी केली आणि त्याला शिकवलं, की बरणी मोज्यात घालायची, मोजा बुटात घालायचा आणि चहा कडेने लावायचा. तो गुडघ्यांवर बसून भक्तिभावाने बघत होता. तेव्हापासून दर वर्षी त्याची बॅग भरायचं काम माझ्याकडे आलं.

त्याची एक सवय मला विशेष ओळखीची वाटे. इथे असला की त्याला इथलं काही पसंत पडायचं नाही. रहदारी वाढली, ब्रेड पूर्वीसारखा राहिला नाही, लोकांना बोलायला वेळ नाही, हाय स्ट्रीटवरचं कोपऱ्यावरचं दुकान का बंद केलं? शीला शांतपणे म्हणायची, “ते दुकान बंद होऊन तू दोनदा येऊन गेलास.” आम्ही पुण्याला गेलो की आमचंही हेच चालतं, आणि माझी वहिनी शीलाच्याच चेहऱ्याने ऐकून घेते. तो मनगटावर घड्याळ नॉर्वेच्या वेळेचं ठेवायचा, एक तास पुढे. सासूबाईंच्या खोलीतलं घड्याळ सांगलीची वेळ दाखवायचं. त्यामुळे दोघं भेटली की आधी एकमेकांना वेळ विचारायची आणि दोन्ही उत्तरं चुकीची निघाल्यावर खूश व्हायची.

तो गाणी करायचा. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, स्वतःच गिटार घेऊन गायचा. आता मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे इथेच सांगून टाकते. माझ्या सासरी सगळे कानसेन आहेत. नवरा, म्हणजे श्रीकांत, हॉस्पिटलात भूल देतो आणि घरी आला की राग ओळखतो. सासूबाईंचं बालपण सांगलीत संगीत नाटकांच्या पहिल्या रांगेत गेलेलं. त्यामुळे या घरात गाण्याचा विषय निघाला की मी भाजी चिरायला घेते. डेनिसशी माझं जमलं त्याचं हेही एक कारण असावं. मी त्याला कधीच कुठलं गाणं गायला सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला नंतर कळलं. तरुणपणी डेनिस आणि त्याचा एक मित्र अशी जोडी होती. दोघं मिळून गायचे. त्यांचं एक गाणं इथे तुफान गाजलं. बोटीवरून घरी परत येणाऱ्या खलाशाचं गाणं. पुढे ते एका बिस्किटाच्या जाहिरातीत वाजायला लागलं आणि सगळ्या इंग्लंडला पाठ झालं. मग जोडी फुटली. मित्राने गाणं सोडून फरशांचा धंदा काढला. डेनिस मात्र एकटा गात राहिला. त्याने एकट्याचे किती तरी अल्बम काढले, नॉर्वेतून दर वर्षी इथे येऊन पबच्या माडीवर, चर्चच्या हॉलमध्ये, छोट्या छोट्या गावांत कार्यक्रम केले. लोक यायचे, शांत बसायचे, प्रत्येक गाण्यानंतर बेताच्या टाळ्या वाजवायचे. आणि शेवटी न चुकता मागून आवाज यायचा, ‘ते बोटीचं होऊन जाऊ दे!’

“त्यात गंमत अशी,” तो एकदा आमच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता म्हणाला, “की ते गाणं माझं नाहीच. शब्द त्याचे, चाल त्याची. मी फक्त त्याच्या चालीखाली साथीचा खालचा आवाज लावायचो.” अजूनही तो ते गाणं गायचा, पण खालचा आवाजच गायचा. वरची मूळ चाल प्रेक्षक गायचे. मी म्हटलं, “मग तूच गा ना वरची.” (इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’ असल्यामुळे मी त्याला अरे-तुरे करायचे हे त्याला कधी कळलं नाही.) तो म्हणाला, “छे. ती जागा त्याची आहे. तो फरशा विकत असला म्हणून काय झालं.”

माणूस असा सरळ होता. त्याचा राग बोटीच्या गाण्यावर नव्हता. त्याला एवढंच हवं होतं, की त्याचं स्वतःचं एखादं गाणं कुणी तरी परत ऐकायला मागावं. एवढ्या वर्षांत तसं कधीच झालं नव्हतं. शीलाला तो प्रत्येक नवं गाणं म्हणून दाखवायचा. शीला विणकाम खाली न ठेवता सगळं ऐकायची आणि म्हणायची, “व्हेरी नाइस, डिअर.” डेनिस मला म्हणाला, “तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, तुम्हाला कळलंच असेल. आमच्यात ‘व्हेरी नाइस’ म्हणजे हळूच दार लावून घेणं.” मला ते चांगलंच कळलं होतं. मी ऑफिसात नेलेल्या अनारशांवर तोच शेरा पडला होता.

त्या वर्षी तो नेहमीपेक्षा जास्त दिवस राहायला आला, कारण नवा अल्बम करायचा होता. स्लाऊला, ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामांच्या रांगेत त्याच्या एका ओळखीच्या माणसाने स्टुडिओ थाटला होता. एका बाजूला गाडीचे सुटे भाग, दुसऱ्या बाजूला गोठवलेले समोसे, आणि मधे हा गाणार. रिव्हर्स घेणाऱ्या लॉरीची पीप पीप रेकॉर्डिंगमध्ये घुसते म्हणून थांबून थांबून काम चालायचं. गाणी जवळजवळ झाली होती, पण तो काही खूश दिसेना. बहिणीच्या घरी राहूनही त्याने आठवडाभर पुडिंग मागितलं नाही, तेव्हा शीला काळजीत पडली.

मी सरळ विचारलं. त्याने सरळ सांगितलं. “मी या वेळी ठरवलं होतं, की अल्बम बाहेर काढायच्या आधी ही गाणी लोकांसमोर गाऊन बघायची. बारा ठिकाणी फिरलो. एकानेही एक गाणं परत मागितलं नाही. सगळीकडे बोट. मला वाटतं, आता पुरे. स्लाऊच्या त्या माणसाला मी दिवाळीपर्यंत सांगतो म्हणालोय.” दिवाळी हा शब्द तो शीलाच्या कॅलेंडरवरून नव्हे, आमच्याकडे तळायला घेतलेल्या फराळावरून शिकला होता. मी काय बोलणार? माझ्या गाण्यातल्या ज्ञानावर त्याचं काय भलं होणार होतं? मी त्याला चकली दिली. मला फार वाईट वाटलं, ते चकलीने भागणार नव्हतं हे मलाही कळत होतं.

आता इथे आमचं मंडळ येतं. आमच्या भागातलं ते छोटंसं मराठी मंडळ. पिनर, एजवेअर, हॅरो इथले डॉक्टर, त्यांची कुटुंबं, आणि अलीकडे पुण्याहून आलेली कॉम्प्युटरवाली मुलं. श्रीकांत त्या वर्षी सांस्कृतिक कार्यक्रमांचा सेक्रेटरी होता, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायला नेमलेला माणूस. दिवाळीला पुण्याहून एक गायिका यायची होती. कार्यक्रम चार दिवसांवर आला आणि तिचा व्हिसाच झाला नाही. शाळेचा हॉल बुक झालेला, केटररला सांगितलेलं, श्रीखंड आलेलं, आणि गाणारं कोणी नाही. संध्याकाळी आमच्या सिटिंग रूममध्ये तातडीची मीटिंग बसली. अध्यक्ष डॉक्टर बापट सोफ्यावर डोकं धरून होते.

“श्रीकांत, धिस इज अ डिझास्टर. लोकांना काय सांगू मी?”

“अहो बापटसाहेब, कॅराओके ठेवू या.”

“मागच्या वर्षी ठेवलं होतंत. मिसेस कर्णिक माइक सोडेचनात. नो वे.”

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, “अरे श्री, शेजारी एवढा सहा फुटी गवई बसलाय, तो दिसत नाही का तुला?”

“आई, तो इंग्लिश गाणी म्हणतो.”

“मग? तुम्ही सगळे घरात कुठली भाषा बोलता?”

डॉक्टर बापट डोक्यावरचा हात काढून म्हणाले, “जेवण तर ठरलेलं आहे ना? मग चालेल. फूड चांगलं असलं की लोक अ‍ॅडजस्ट करतात.” विचारायचं काम माझ्यावर आलं, कारण बॅगा मी भरायचे.

मी कुंपणाशी जाऊन त्याला सगळं सांगितलं. हॉलमध्ये मुलं पळतील, लोक उशिरा येतील, बोलत बसतील, हेही सांगितलं. नंतर कुरकुर नको. त्याने ऐकून घेतलं आणि थकलेल्या आवाजात विचारलं, “बोटीचं गाणं शेवटी चालेल ना? की आधी म्हणू?”

“आमच्या लोकांना ते माहीत नाही,” मी म्हटलं.

“माहीत नाही म्हणजे?”

“ज्यांना टीव्हीवरची जाहिरात आठवत असेल त्यांना आठवेल. पण ते तुझं आहे हे कुणालाच माहीत नाही. तुलाच कुणी ओळखत नाही.”

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

माझं बोलणं जरा फटकळ झालं असं मला वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो आत जाऊन गिटारच्या तारा बदलायला बसला.

दिवाळीच्या त्या संध्याकाळी हॉल भरला तो नेहमीसारखा तासभर उशिरा. डेनिस पांढरा शर्ट घालून आला होता. शीला पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. तिच्या शेजारी नऊवारीवर स्वेटर घातलेल्या सासूबाई. त्यांच्या कानाशी मी, अर्थ सांगायला. डॉक्टर बापटांनी ‘आपले शेजारी, फेमस सिंगर’ अशी ओळख करून दिली आणि फेमस म्हणताना माझ्याकडे बघून खात्री करून घेतली.

पहिल्या गाण्याला बऱ्यापैकी गोंगाट होता. दुसऱ्याला मध्येच श्रीकांतच्या मित्राने मान हलवून ‘वा!’ केलं, तर डेनिस दचकून थांबला आणि त्याच्याकडे बघून म्हणाला, “सॉरी?” त्याला वाटलं, त्याचं काही तरी चुकलं. लोक हसले. श्रीकांतने बसल्या जागेवरून सांगितलं, “नो नो, कॅरी ऑन, ही लाइक्ड इट!” इंग्लिश माणसाला गाणं चालू असताना कुणाला ते आवडल्याचं कळायची सवय नसते. पुढे प्रत्येक ‘वा’ला तो थोडा थोडा खुलत गेला.

मग त्याने ते गाणं म्हटलं. त्याच्या आईचं गाणं. तो नॉर्वेला परत निघाला की त्याची आई पिनरच्या त्या घराच्या, म्हणजे आता शीलाच्या, फाटकाशी उभी राहून हात हलवायची. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. एकदा तो चष्मा विसरला म्हणून टॅक्सी अर्ध्या वाटेवरून मागे फिरवली. पोचतो तर ती अजून फाटकाशीच, आणि हात अजून वर. ती दर वेळी किती वेळ उभी राहायची ते त्याला तोपर्यंत माहीतच नव्हतं. एवढंच गाणं. मी सासूबाईंच्या कानात एकेक ओळ सांगत होते, ‘हात अजून वर’पर्यंत. मी मागे वळून बघितलं नाही, पण मागच्या रांगेतले खुर्च्यांचे आवाज थांबले होते. त्या हॉलमध्ये असा कोण होता, ज्याचं कुणी तरी कुठल्या तरी दाराशी तसं उभं राहिलं नव्हतं?

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आणि सासूबाई खुर्चीच्या हातावर भार देऊन अर्ध्या उठल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, “वन्स मोअर!”

सासूबाईंना इंग्रजी यथातथाच यायचं. पण हे दोन शब्द त्या लहानपणी सांगलीच्या नाट्यगृहात शिकल्या होत्या. मागोमाग सगळा हॉल उठला, “वन्स मोअर! वन्स मोअर!” पुण्याची कॉम्प्युटरवाली मुलंसुद्धा.

डेनिसचा चेहरा उतरला. मला ते दिसलं आणि कारण लगेच कळलं नाही. त्याने मान हलवली, ‘ठीक आहे’ अशासारखी, आणि बोटीचं गाणं सुरू केलं. खालचा आवाज. वरची चाल गायला कुणीच नव्हतं, त्यामुळे ते गाणं फार विचित्र ऐकू येत होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई मला म्हणाल्या, “अगं, हे काय मध्येच? हे नव्हे, ते म्हणावं!” मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच हात वर करून त्याला थांबवलं, “नो, नो! दॅट! आईचं!”

श्रीकांत धावत स्टेजवर गेला. माइक चालू होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

“डेनिस, दे वाँट द सेम वन.”

“सेम वन? पण ते तर मी आत्ताच म्हटलं.”

“म्हणूनच.”

डेनिसने हळूच विचारलं, “माझं?”

“हो. तुमचं.”

तो खाली वाकून गिटार जुळवायला लागला. ती जुळलेलीच होती. बराच वेळ तो मान वर करेना. मुलंसुद्धा पळायची थांबली. मग त्याने ते गाणं दुसऱ्यांदा म्हटलं, आणि मला गाण्यातलं काही कळत नसूनही एवढं कळलं, की हे मघाचं नव्हतं. ते संथ झालं होतं, आणि ‘हात अजून वर’ या ओळीवर तो थांबला, तिथे मघाशी थांबला नव्हता. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, “हां. दुसऱ्यांदा म्हणजे तसंच नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा वेगळी जागा घ्यायची. याला न सांगता कळलं बघ.”

जेवणाच्या वेळी तो श्रीखंडाची वाटी घेऊन आमच्याजवळ येऊन बसला. सासूबाईंचं वाक्य मी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने मला ते परत सांगायला लावलं. मग म्हणाला, “वन्स मोअर. शब्द आमचे, आणि आम्हालाच कुणी सांगितलं नाही, की ते असे वापरायचे असतात.” सासूबाई म्हणाल्या, “त्याला म्हणावं, आता तुझं माहेर पक्कं झालं.” माहेर म्हणजे काय, ते समजावून सांगता सांगता श्रीखंड संपलं. त्याचं नाव आम्ही काय ठेवलं होतं तेही मी त्याला तेव्हाच सांगितलं. तो इतका हसला, की शीलाने पलीकडून ‘हळू’ अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्लाऊला गेला. अल्बम निघाला. त्या अल्बमची पहिली सीडी घेऊन तो पुढच्या सप्टेंबरात आमच्या दारात उभा होता. त्यावर ते आईचं गाणं लागोपाठ दोनदा आहे. आधी एकदा साधं, आणि मग पुन्हा, संथ. गाण्यांच्या यादीतही तेच नाव एकाखाली एक छापलेलं. इथल्या एका लहानशा मासिकात परीक्षण आलं, त्यात गाण्यांची स्तुती होती आणि छपाईतल्या चुकीबद्दल हळहळ. डेनिसने ते कात्रण फ्रेम करून नॉर्वेतल्या खोलीत लावलं. कार्यक्रमांत लोक शेवटी अजूनही बोट मागायचे आणि तो अजूनही खालचा आवाज गायचा. पण त्याबद्दल पुन्हा तो माझ्या स्वयंपाकघरात काही बोलला नाही. त्यानंतर आणखी एक अल्बम त्याने केला. पुडिंग पुन्हा मागून मागून खायला लागला, आणि बॅग भरताना माझ्याशी वाद घालायला लागला, की मुरांबा आधी की चहा आधी.

मग सासूबाईंचे गुडघे थंडीने धरले आणि त्या सांगलीला परत गेल्या. निघताना डेनिस नव्हता, तो नॉर्वेत होता. शीला फाटकाशी उभी राहिली. आमची गाडी वळेपर्यंत मी मागे बघत होते. तिचा हात वर होता. वळल्यानंतरचं मला माहीत नाही.

डेनिस दोन हिवाळ्यांनंतर गेला. तिकडेच, झोपेत. शीलाने कुंपणाशी येऊन अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवायचे ते उद्या की परवा, हे विचारलं. मी सांगलीला फोन केला. सासूबाईंनी विचारलं, “कुठे गेला गं? इकडे की तिकडे?”

“तिकडे.”

“म्हणजे शेवटी सासरीच,” त्या म्हणाल्या, आणि फोन श्रीकांतकडे द्यायला सांगितला.

त्याला तिकडेच पुरलं. पण शीलाला पिनरमध्येही काही तरी करायचं होतं. तिने चर्चचा छोटा हॉल घेतला आणि त्याच्या इथल्या ओळखीच्या लोकांना बोलावलं. आदल्या दिवशी ती दोन सीडी हातात घेऊन माझ्याकडे आली. एक जुनी, जोडीची. एक ही. “एकच गाणं लावायचं आहे. मग लोकांना चहा द्यावा लागेल. बोटीचं सगळ्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांना तेच अपेक्षित असणार. तुम्हाला काय वाटतं?”

मला गाण्यातलं कळत नाही, आणि भाऊ तिचा होता. मी एवढंच म्हटलं, “बोटीच्या गाण्यात त्याचा फक्त खालचा आवाज आहे.”

शीलाने जुनी सीडी पर्समध्ये ठेवली.

हॉलमध्ये बरीच माणसं आली होती. पबच्या माडीवरचे लोक, स्लाऊचा स्टुडिओवाला, आमच्यापैकी श्रीकांत आणि डॉक्टर बापट. आणि मागे एक टक्कल पडलेला, भारी कोट घातलेला गृहस्थ एकटाच बसला होता. फरशांवाला तोच असणार. सीडी लावायचं काम माझ्याकडे होतं. गाणं संपलं की लगेच बंद करायचं, असं शीलाने मला दोनदा बजावलं होतं.

मी गाणं लावलं. फाटक आलं, टॅक्सी आली, चष्मा आला. गाणं संपलं. टाळ्या अर्थातच नाहीत. सगळे मान खाली घालून बसलेले. मी बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता. शीला पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती आणि समोर, सीडी प्लेअरकडे बघत होती.

“वन्स मोअर,” ती म्हणाली. “प्लीज.”

मी बोट काढून घेतलं. पुढचं गाणं तेच होतं.